वाढत्या अंगाचा लॅपटॉप

आदरणीय साडूभाऊ,

तुम्हाला साष्टांग नमस्कार घालायचं मनात होतं, पण परवा कापडाचा तागा उचलताना कमरेत उसण भरली, तेव्हा तूर्त बसल्या जागेवरूनच दोन हात जोडतो आहे. उरलेलं अंग कंबर सुटली की पोचतं करीन. तुमची तब्येत कशी आहे? रक्तदाब ताब्यात आहे का, की समोरच्या मैदानात मुलं रांग मोडून पळताना दिसली की अजूनही चढतो? ताईंच्या गुडघ्याला उतार पडला असेल अशी आशा आहे. मागच्या महिन्यात त्या इथल्या डॉक्टरांना गुडघा दाखवायला आल्या आणि दोन दिवस राहिल्या, तेव्हा दोघी बहिणी आतल्या खोलीचं दार लावून इतक्या हसत होत्या, की दुखणं गुडघ्याचंच आहे ना अशी मला शंका आली. जाताना मात्र त्या बऱ्याच हलक्या होऊन गेल्या. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. दुकानही बरं आहे, म्हणजे शिवायला येणारे कमी आणि आधी शिवलेलं सैल करून मागणारे जास्त, पण कात्री चालू आहे.

एवढी चौकशी फोनवर का केली नाही, असं तुम्ही विचाराल. केली असती. पण फोनवर तुम्ही अजून वर्गात उभं असल्यासारखे बोलता. हात वर केल्याशिवाय दुसऱ्याला बोलायची सोय नाही, आणि मी वर केलेला हात तुम्हाला तिकडून दिसत नाही. शिवाय या खेपेचं बोलणं लांबचं आहे, ते मध्ये कुणी दुरुस्त न करता एकदा तरी पुरं व्हावं अशी माझी इच्छा आहे.

तुमचं पत्र मिळालं. माझ्या मागच्या पत्रातल्या चुका लाल शाईने दाखवून तेही सोबत परत पाठवलंत, त्याबद्दल आभारी आहे. (दहापैकी चार गुण तुम्ही दिलेत, ते हिला दाखवले नाहीत.) तुमच्या पत्राचा सारांश मला असा कळला: यंत्र घेताना माणसाने आधी आपली गरज ओळखावी, दिखाऊपणाला भुलू नये, अनुभवी माणसाचं ऐकावं, आणि अनुभवी माणूस म्हणजे तुम्ही. तुम्ही स्वतः विचारपूर्वक टॅबलेट घेतलात, रोज सकाळी तासभर त्यावर वाचन करता, फिरायला जातानाही तो काखेत असतो आणि आता त्याच्यावाचून दिवस जात नाही, हे वाचून आनंद झाला. मध्यंतरी आलो होतो तेव्हा ते चामडी कव्हर मी पाहिलं आहे. तुम्ही ते टेबलावर ठेवलंत, त्यावर दोनदा थोपटलंत आणि पुन्हा काखेत घेतलंत. उघडून दाखवाल म्हणून मी चहा गार होईपर्यंत वाट पाहिली, पण माझी पात्रता कमी पडली असेल. असो. मी सांगितल्याप्रमाणे टॅबलेटच घेतलात ना, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. त्याचं उत्तर द्यायला हे पत्र.

प्रकरण मुळापासून सांगतो. आमच्या दुकानात काजं, बटणं आणि तुरपाई सुरुवातीपासून हिच्याकडे, हे तुम्हाला माहीत आहेच. गेल्या वर्षापासून हिची नजर सुईत दोरा ओवायला साथ देईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हातातली सुई काढून घेतली आणि थेंब दिले. आता जन्मभर चाललेला हात एकदम रिकामा झाला की त्याचं काय करायचं, हा प्रश्न डॉक्टरांच्या कक्षेतला नसतो. हिने तो आपला आपणच सोडवला. मी फर्मे कापतो त्या खाकी कागदाची उरलेली कातरणं घेऊन ही त्यांवर चित्रं काढायला लागली. पानं, वेली, बोरूसारखं गवत, एकात एक गुंतलेल्या डहाळ्या. मोठमोठी काढायची, म्हणजे डोळ्यांना ताण नको. मी त्यांचा उपयोग मशीनखालचं तेल पुसायला करत होतो (मला काय माहीत, कातरणं ती कातरणं). एक दिवस पडद्यांना दुमड घालून घ्यायला एक बाई आल्या. त्यांचा चादरी आणि पडदे छापायचा कारखाना आहे. त्यांनी माझ्या हातातला तेलाचा बोळा काढून घेतला, उलगडला, उजेडात धरला आणि हे कुणी काढलं म्हणून विचारलं. पुढच्या महिनाअखेर अशी सहा चित्रं द्या, पसंत पडली तर पुढे नेहमीचं काम देते, असं त्या म्हणाल्या. अट एकच. कागदावर नकोत, यंत्रावर काढलेली हवीत, म्हणजे त्यांना तिकडे रंग बदलता येतात. साडूभाऊ, खोटं कशाला सांगू, त्या वेळी हिचा चेहरा बघून मला भरून आलं. इतकी वर्षं दुकानाच्या पाटीवर माझंच नाव आहे. हिची काजं लोक अंगावर घालून हिंडले, पण ती कुणाची आहेत हे कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हा यंत्र घ्यायचं ठरलं आणि मी कामाला लागलो. हिला म्हटलं, तू यात पडू नकोस, हे पुरुषमाणसांचं क्षेत्र आहे. मग क्षेत्रातल्या पुरुषमाणसांचा सल्ला घेतला. समोरचा चष्मेवाला म्हणाला, स्क्रीन जितकी मोठी तितकी चांगली, कारण लहान स्क्रीनने डोळे जातात (ज्याचा धंदा डोळे जाण्यावर चालतो त्याने हे सांगावं, याचं मला कौतुक वाटलं). जिन्याखालचा फोटोवाला म्हणाला, स्क्रीन गेली खड्ड्यात, मेमरी बघा. त्याच्या स्वतःच्या यंत्राची मेमरी भरल्यामुळे गेल्या वर्षीच्या दोन लग्नांचे फोटो अजून त्याच्या पोटात अडकले आहेत आणि दोन्ही नवरदेव त्याला शोधत आहेत. मला एक गोष्ट कळली, की यंत्राविषयी सल्ला विचारला की माणूस आपल्या गरजेविषयी काहीच सांगत नाही. स्वतःकडे जे आहे त्याच्या नावाने तो रडतो किंवा त्याची आरती गातो. (तुम्ही दुसऱ्या प्रकारात आलात. राग नसावा.)

दुकानात गेलो तो गळ्यात टेप घालूनच. सवय म्हणा, पण पुढे तिचा उपयोग झाला. विक्रेता हसतमुख होता. त्याने लॅपटॉप पुढे ठेवला आणि पंधरा इंची आहे म्हणाला. मी आडवी टेप लावली, तेरा भरले. उभी लावली, आठही भरेनात. मी त्याला शांतपणे म्हटलं, की बाबा रे, आमच्या धंद्यात असं माप दिलं तर गिऱ्हाईक पँट तोंडावर फेकून मारतं. त्यावर त्याने टेप माझ्या हातून घेतली आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी लावून दाखवली. साडूभाऊ, ही माणसं उरेब मोजतात! कापड तिरकं धरून कापतात त्याला आम्ही उरेब म्हणतो. ते गळपट्टीला ठीक आहे, पण उरेब मापाने मोजायला लागलो तर तुमची छाती डाव्या खांद्यापासून उजव्या ढोपरापर्यंत भरेल आणि तुम्ही पहिलवान ठराल. ही गोष्ट मी दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांच्याही कानावर घातली. दोघं जण बाहेर गेले. तेव्हापासून विक्रेता मला काका म्हणायला लागला आणि त्याने खुर्ची मागवली.

मग त्याने तुमचाच प्रश्न विचारला. काका, गरज काय आहे? आता हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो. पण गरज आज काय आहे हे सांगणारा शिंपी दिवाळखोर होतो, हे मी माझ्या वडिलांच्या मांडीवर बसून शिकलो आहे. अंगाबेताचं कधी शिवू नये. वाढत्या अंगाचं शिवावं. आत दुमड ठेवावी, शिवणीला कापड सोडावं, म्हणजे गिऱ्हाईक उंचीने वाढो की रुंदीने, उसवलं की आत जागा सापडते. तुमच्या निवृत्तीच्या समारंभाचा कोट आठवतो ना? त्यात चारी बाजूंनी मी जेवढं कापड दाबून ठेवलं होतं, तेवढं पुढच्या दोन वर्षांत तुम्ही पोटाकडून वसूल केलंत. तेव्हा मी त्याला माझं तत्त्व सांगितलं, की मला आजच्या मापाचं नको, वाढत्या अंगाचं दाखव. त्या माणसाचे डोळे असे काही चमकले, की मला वाटलं याचेही वडील शिंपी असावेत. काका, तुम्ही पुढच्या दहा वर्षांचा विचार करणारे आहात, असं म्हणून त्याने खालच्या फडताळातून एक भलं मोठं धूड वर काढलं. काळं कुळकुळीत, कोपऱ्यांना लाल दिवे. विमानाची, युद्धाची, पाताळलोकाची कसलीही चित्रं यावर धावतात म्हणाला. आम्हाला पानं आणि वेली हव्या होत्या, पण युद्ध धावतं म्हटल्यावर वेल अडखळायचं कारण नाही. जागा इतकी, की त्यात तीन लाख फोटो मावतात. आमच्या घरचे सगळे फोटो बिस्किटांच्या एका डब्यात मावतात आणि वर झाकण लागतं. पण जागा जास्त झाली म्हणून कुणी मेलेलं मी ऐकलेलं नाही.

ही बाजूला उभी होती. हिने इतक्या वेळात दोन वाक्यं उच्चारली. पहिलं, ज्यावर पेनाने काढता येतं तसलं एखादं दाखवा. मी म्हटलं, थांब, आधी माप होऊ दे. विक्रेत्याने तरी सभ्यपणा म्हणून एक टॅबलेट आणि त्याचं पेन हिच्या हाती दिलं. हिने उभ्या उभ्या एक पान काढलं, दोन बोटांनी ताणून ते ताटाएवढं केलं, त्याच्या शिरा भरल्या, परत बारीक केलं. मी ते पाहिलं. पान चांगलं झालं होतं. मग हिने दुसरं वाक्य उच्चारलं, हे बरं आहे. मी टॅबलेट हातात तोलून पाहिला. ना वजन, ना बिजागरी, ना बटणं. आत दाबलेलं कापड काहीच नाही, नुसता अंगाबेताचा. हा दोन वर्षांत आखूड होईल असं मी म्हणालो आणि विक्रेत्याने मान इतक्या जोरात हलवली, की टॅबलेट त्यानेच परत घेतला. (आणखी एक कारण होतं, ते तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. टॅबलेट घ्या असं तुम्ही लिहिलं होतं. तो मी घेतला असता, तर माझ्या हयातीत जेवणाच्या प्रत्येक पंगतीला, यांना मी सांगितलं म्हणून, ही गोष्ट मला ऐकावी लागली असती. त्यापेक्षा धूड परवडलं.)

तर लॅपटॉप घरी आला. वजनाने तो आमच्या कोळशाच्या जुन्या इस्त्रीच्या थोडा वर आहे, म्हणजे भक्कम आहे. मांडीवर घेऊन वापरायचा असतो असं नावावरून वाटतं, पण पंधरा मिनिटांत मांडी भाजते आणि नंतर बधिर होते, त्यामुळे भाजलेलं कळत नाही, ही सोय चांगली आहे. घरातल्या टेबलावर तो आणि जेवण एका वेळी मावत नाहीत. एवढं मोठं सपाट असं घरादारात एकच, ते म्हणजे दुकानातलं कापायचं टेबल. म्हणून तो दुकानात गेला. त्याला मी स्वतःच्या हाताने पिशवी शिवली. अर्थात वाढत्या अंगाची. सगळीकडून तीन तीन बोटं ढिली ठेवल्यामुळे तो आत इकडून तिकडे आपटतो, पण उद्या याहून मोठा घेतला तर पिशवीचा खर्च वाचला.

सुरू केल्यावर त्याने चेहरा मागितला. किल्लीऐवजी मालकाचा चेहरा ओळखून उघडतो म्हणे. मालक म्हणून मी पुढे झालो. त्या वेळी माझ्या हातात एक बाही होती आणि तोंडात टाचण्या. (शिंप्याच्या तोंडात टाचण्या असायच्याच. ग्राहकाशी कमी बोलण्याचा तो राजमार्ग आहे.) लॅपटॉपने तेवढा चेहरा मनात धरला. आता तोंडात टाचण्या नसल्या की तो मला ओळखत नाही. जेवून उठलो की मी त्याच्या दृष्टीने परका माणूस. सकाळी त्याला जागं करायला ओठांत टाचण्या धरून उभा राहतो, मग तो दार उघडतो. परवा मेणबत्त्या विकायला आलेल्या बाईंनी हे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकून, मी नंतर येते म्हणाल्या. चेहरा बदलता येतो असं फोटोवाला सांगतो. पण ते बदलायला आधी आत जावं लागतं, आत गेलो की काहीतरी नवीन उतरवून घ्यायला सुरुवात होते, स्क्रीनवर एक चाक फिरायला लागतं आणि बंद करू नका अशी सूचना येते. मी आज्ञाधारक आहे. बंद करत नाही. आतल्या पंख्याचा घुरघुराट शिलाई मशीनच्या वर जातो आणि गिऱ्हाईक मला विचारतं, मोटर नवीन बसवलीत का?

हिने चित्र काढून पाहिलं नाही असं नाही. एक आख्खी दुपार टेबलाशी उभी राहून काढलं. (खुर्ची त्या टेबलाला पुरत नाही, ते उभ्याने कापायचं टेबल आहे.) पण त्याच्यावर पेन चालत नाही, माऊस चालतो. आता जन्मभर सुईच्या टोकाने काम केलेल्या बाईच्या हातात साबणाची वडी द्यावी आणि या वडीने काज कर म्हणावं, तसं ते झालं. पान काढायला गेली तर बेडूक झाला. वेलीने मध्येच अंग टाकलं. मशीनवर बसून मी धीर देत होतोच, की हात बसेल, आम्हालाही पहिल्या दिवशी कॉलर कुठे बसली होती. संध्याकाळी हिने झाकण हळूच मिटलं, त्याच्यावरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाली, फार छान आहे. साडूभाऊ, तुम्ही विवाहित आहात. बायको एखाद्या वस्तूला छान म्हणते तेव्हा ठीक असतं. फार छान म्हणते तेव्हा त्या वस्तूला ती पुन्हा हात लावत नाही.

म्हणून लॅपटॉप वाया गेला असं मात्र तुम्ही समजू नये, आणि ताईंना तर मुळीच सांगू नये. तो रोज वापरात आहे. कॉलरच्या आत कडक कापड चिकटवतात, त्याला खालून मंद ऊब आणि वरून सारखं वजन लागतं. ते माप यंत्राला इतकं नेमकं जमलं आहे, की बनवणाऱ्यांच्या डोक्यात कॉलरच असावी. सकाळी टाचण्या तोंडात धरून उघडतो, ते चाक फिरायला लागलं की झाकण अलगद मिटवून खाली कॉलरी लावतो, चाक आत थांबेपर्यंत चार कॉलरी तयार. इस्त्रीला असं चाक नाही. शिवाय तो काळा असल्यामुळे खडूच्या खुणा करायला बरा पडतो. तेव्हा निवड अगदी योग्य झाली, पैसे सत्कारणी लागले आणि टॅबलेट न घेतल्याचा मला तिळभरही पश्चात्ताप नाही, हे तुमच्या प्रश्नाचं स्वच्छ उत्तर. या पत्राला किती गुण पडतात ते कळवावं.

ताईंना नमस्कार. तुमच्या टॅबलेटलाही, कव्हरवरूनच.

आपला धाकटा साडू
(कात्रीवाला)

ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण पुरं नाही. महिनाअखेरीला आठवडाच उरला आहे आणि हिचं एकही चित्र झालेलं नाही. त्या कारखान्याच्या बाई काल रस्त्यात भेटल्या आणि काम कसं चाललंय म्हणून विचारलं, तेव्हा मी उसण भरल्याचं सांगून विषय बदलला. हिने तर बोलणंच सोडलं आहे. म्हणजे बोलते, पण भाजी वाढू का, दार लावू का, एवढंच. दुपारचं जेवण झालं की आतल्या खोलीचं दार लावून घेते ते चहापर्यंत. काय करत होतीस विचारलं तर पडले होते म्हणते. डोळे लाल असतात. रडत असावी. माझ्याच्याने ते पाहवत नाही. तेव्हा मुद्द्याची गोष्ट अशी, की तुमचा टॅबलेट मला आठवडाभर द्याल का? पेनासकट. तुमचं सकाळचं वाचन अडेल याची मला कल्पना आहे आणि एवढ्या गोष्टीसाठी तुमच्यापुढे हात पसरताना मला काय वाटतं आहे, ते तुम्हाला चांगलं कळेल; नाही कळलं तर पत्र पुन्हा एकदा वाचा, तोवर तुमचं सुख वाढेल. टॅबलेटबद्दल तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं, असं मी पंगतीत उभं राहून सांगायला तयार आहे. पंगत तुम्ही ठरवा.

ता. क. दुसरा. लॅपटॉपला मी आडवी, उभी, उरेब, सगळी टेप लावली. ज्या अंगावर तो बसायचा होता, ते अंग शेजारी उभं होतं आणि दोनदा बोललंसुद्धा. कुठल्याही गिऱ्हाइकाचं माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. हिचं माप घ्यायचं मला सुचलं नाही. तिला मी हे अजून बोललो नाही, धीर झाला की बोलेन. तुम्हीही तिला काही कळवू नये. टॅबलेट आला की अचानक तिच्या हातावर ठेवायचा असा माझा बेत आहे.

भाऊजी, नमस्कार. हे मी लिहिते आहे. पाकीट टपालात टाकायला यांनी माझ्याकडे दिलं. आमच्या घरात पाकिटं मी चिकटवते हे यांच्या लक्षात राहिलं नाही. चिकटवण्याआधी मी ते वाचलं. शेवटचं जे लिहिलंय ते मला तोंडावर म्हणायला यांना किती वर्षं लागतील कोण जाणे, म्हणून पत्र फाडलं नाही, आहे तसं पाठवते आहे. 

तुमचा टॅबलेट पाठवायची तसदी घेऊ नका. तो माझ्याकडे आहे. लॅपटॉपचं मी ताईला फोनवर सांगितलं होतं, म्हणून गुडघा दाखवायला आली तेव्हा ती तो पिशवीतून घेऊन आली होती, पेनही होतं, त्याची प्लास्टिकची पिशवी अजून फाडलेली नव्हती. दुपारी दार लावून मी पडत नव्हते, काढत होते. डोळे लाल व्हायचे ते कामाने. सहाही चित्रं त्या बाईंना केव्हाच पोचली, पाच पसंत पडली आणि आणखी बारा मागितली आहेत. ह्यांना काल रस्त्यात त्यांनी तेच सांगायला थांबवलं होतं, पण हे उसण सांगत बसले. तेव्हा टॅबलेट आता राहू दे माझ्याकडे, ताईची काही हरकत नाही.

कव्हर हलकं लागलं तर तुम्ही ओळखाल म्हणून ताईने त्यात तिची भाजी चिरायची फळी घातली होती. मापाला तंतोतंत बसली म्हणे. चार दिवसांत तुमच्या लक्षात येईल असा आमचा अंदाज होता. रोज सकाळी तासभर त्यावर वाचता असं तुम्ही लिहिलंत ते ह्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. वाचत असाल. जुनी फळी आहे, रेघा तिच्यावर भरपूर आहेत.

ह्यांना एवढ्यात यातलं काही कळवू नका. टॅबलेट पाठवतो आहे, वाट पाहा, असं उलट टपाली लिहा. माझ्यासाठी हे पहिल्यांदाच कुणापुढे वाकले आहेत, आणखी थोडे दिवस वाकू द्या, कमरेला बरंच आहे. फळी मात्र कव्हरातून काढून आजच स्वयंपाकघरात ठेवा. टॅबलेटवाचून तुमच्या घरात महिनाभर कुणाचं काही अडलं नाही, पण ताई तेव्हापासून भाजी ताटाच्या पाठीवर चिरते आहे.